टाईल्स लागायच्या आधी

कमोडच्या पाईपचं माप भिंतीपासून नऊ इंच, एवढं मला पाठ होतं. कुठल्या भिंतीपासून, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारावं असं मलाही सुचलं नव्हतं.

कोल्हापुरात कळंब्याच्या आयटीआयमधून प्लंबरचा एका वर्षाचा ट्रेड करून मी बाहेर पडलो, तेव्हा हातात सर्टिफिकेट होतं आणि डोक्यात हवा. वर्कशॉपमध्ये जीआयच्या म्हणजे लोखंडी पाईपला डाय लावून आटे पाडायला शिकलो होतो, सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाईप कापायला-चिकटवायला शिकलो होतो, ड्रॉइंग वाचता येत होतं. पण तिथल्या सरावाच्या भिंती सरळ, कोरड्या आणि रिकाम्या. खऱ्या घरात भिंत वाकडी असते, आत काय गाडलंय ते कुणालाच आठवत नसतं आणि दारात घरमालकीण उभी राहून विचारत असते, "किती दिवस लागतील ओ अजून?"

आमच्याच गल्लीतल्या मेस्त्रींच्या हाताखाली लागलो. माणूस वडिलांच्या वयाचा. जुनं बाथरूम फोडण्यापासून शेवटचा नळ बसवेपर्यंत सगळं काम अंगावर घ्यायचे. मी प्लंबिंगचं बघणार आणि हळूहळू टाईल्स शिकणार, असं ठरलं होतं.

राजारामपुरीतल्या एका जुन्या अपार्टमेंटमध्ये बसका संडास काढून कमोड करायचं काम होतं. घरातल्या काकूंचे गुडघे गेलेले. मेस्त्री दुसऱ्या साईटवर, इथं मी आणि एक बिगारी. जुन्या टाईल्स आणि त्यामागचा माल, म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण, काढून वीट उघडी केली होती. मी विटेला टेप टेकवला, नऊ इंचांवर खूण केली, ११० एमएमचा पाईप तिथं उभा केला आणि भोवती माल भरून टाकला. पुढं भिंतीला प्लास्टर झालं, वॉटरप्रूफिंग झालं, डॅडो म्हणजे भिंतीच्या टाईल्स लागल्या, फरशी लागली. सगळं झाल्यावर कमोड आणून ठेवलं. भोक पाईपवर आणायला गेलं की टाकी भिंतीत घुसायला बघायची. टाकी भिंतीला टेकवली की भोक पाईपच्या पुढं.

पाऊण इंच प्लास्टर, अर्धा इंच टाईलमागचा माल आणि तीन सूत टाईल. आठ सुतांचा इंच धरला तर एक इंच पाच सूत. माझे नऊ इंच तेवढे कमी झाले होते.

मेस्त्री संध्याकाळी आले, पालथ्या बादलीवर बसले, कमोडकडं बघितलं आणि म्हणाले, "तू माप कशाला लावलंस?"

"भिंतीला."

"भिंत कुठं हुती तवा? ती वीट हुती लेका. भिंत टाईल्स लागल्यावर हुतीया."

बाजारात अशा वेळी लावायला वाकडी कॉलर मिळते, ऑफसेट म्हणतात तिला. दुकानदारानं तेच सुचवलं. मेस्त्री तयार झाले नाहीत. कमोडखाली वळण आलं की पाण्याचा जोर तिथंच मरतो आणि कागद-केस अडकायला जागा मिळते. "आज बसंल, दिवाळीला तुंबंल," म्हणाले. मग खालच्या दोन टाईल्स फोडल्या. टाईल्स फोडल्या म्हणजे खालचं वॉटरप्रूफिंगही फाटलं. पाईप सरकवला, तेवढ्या भागाचं वॉटरप्रूफिंग जुन्याच्या अंगावर चांगलं वीतभर चढवून परत केलं, परत पाणी भरून बघितलं, परत फरशी. सुदैवानं त्याच लॉटच्या टाईल्स शिल्लक होत्या. एकाच डिझाईनच्या दोन लॉटमध्ये रंगाचा फरक पडतो आणि तो दुकानात कळत नाही, जमिनीवर शेजारी-शेजारी लावल्यावरच कळतो. त्या काकू तेवढे दिवस गुडघे धरत शेजारच्या घरी जात होत्या. मेस्त्रींनी माझी हजेरी कापली नाही. ती कापली असती तर मला बरं वाटलं असतं.

रंगाऱ्याची चूक रंग वाळला की दिसते. सुताराचं दार घासलं की लगेच कळतं. आमची चूक टाईल्सच्या मागं जाऊन बसते. ती बाहेर येते तेव्हा आपण दुसऱ्या साईटवर असतो, हिशेब मिटलेला असतो आणि मग फोन वाजतो. म्हणून या धंद्यात शिकायचं म्हणजे झाकायच्या आधी बघायला शिकायचं, असं माझं मत होत गेलं. त्यानंतर काम सुरू करताना मी पहिल्यांदा लेव्हल पाईप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) घेऊन चारी भिंतींवर तीन फुटांची रेघ मारतो. तयार फरशी जिथं येणार तिथून तीन फूट. पुढची सगळी मापं त्या रेघेवरून. आणि प्रत्येक भिंतीवर टाईलचा एक तुकडा मालात चिकटवून ठेवतो, म्हणजे तयार भिंत कुठं येणार ते डोळ्यांना दिसतं आणि टेप तिथूनच लागतो.

त्या रेघेचा आणखी एक फायदा सांगतो. आपल्याकडं शॉवर कितीही भारी बसवला तरी निम्मी माणसं बादलीनंच अंघोळ करतात. नळाची उंची जर उघड्या स्लॅबवरून मोजली, तर खालची भर आणि फरशी मिळून तीन-चार इंच सहज खातात आणि मग वीस लिटरची बादली नळाखाली तिरकी करून सारावी लागते. गिऱ्हाईक तोंडानं काही बोलत नाही, पण रोज सकाळी आपल्या नावानं खडे फोडतं.

दुसरी गोष्ट एका बंगल्यातली. सीपीव्हीसीचं काम करताना आधी सगळं सुकं जोडून बघायची पद्धत असते. एल्बो, टी असे जोड आणि पाईप नुसते एकात एक बसवायचे, मापं जुळली की एकेक सांधा सोडवून चिकटवायचं सॉल्व्हंट लावायचं, आत घालताना पाव फेरा द्यायचा आणि थोडा वेळ दाबून धरायचं. हे सगळं मी व्यवस्थित केलं. फक्त डायव्हर्टरच्या, म्हणजे पाणी नळाकडं की शॉवरकडं ते ठरवणाऱ्या भिंतीतल्या कॉकच्या, मागचा एक एल्बो राहून गेला. सुकाच. सीपीव्हीसीचे सांधे इतके घट्ट बसतात की सुका सांधा हातानं ओढून कळत नाही. सांधे तपासायचा प्रेशरचा पंप त्या दिवशी दुसऱ्या साईटवर होता. मी गच्चीवरच्या टाकीचा कॉक उघडला, पाणी सोडलं, कुठं थेंब नाही, झालं म्हणालो.

पण गच्चीवरची टाकी दहा फूट उंच असेल तर खाली येणारं प्रेशर (चौरस सेंटीमीटरला) एक किलोचा तिसरा हिस्साही नसतं. तेवढ्याला सुका सांधाही दाद देत नाही. काही महिन्यांनी त्या लोकांनी शॉवरला जोर यावा म्हणून प्रेशर पंप बसवला आणि तो एल्बो सरकला. बाथरूममध्ये काहीच दिसेना. पलीकडच्या बेडरूमच्या भिंतीवर मात्र कपाटामागं ओल चढत गेली. कपाट हलवलं तेव्हा मागची फळी फुगलेली, आतल्या साड्यांना बुरशीचा वास. त्या ताईंनी साड्या एकेक करून बाहेर काढून पलंगावर टाकल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत.

तिथं मेस्त्रींनी शिकवलेली एक गोष्ट मी जन्मभर विसरणार नाही. मी ग्राइंडर घेऊन टाईल्स कापायला निघालो होतो. त्यांनी हात धरला. "टाईल फोडलीस तर टाईल कुठनं आणणार? तिकडनं फोड." बेडरूमच्या बाजूनं प्लास्टर आणि एक वीट काढली, एल्बो बदलला, पंप लावून तपासला, वीट बसवली, प्लास्टर, पुट्टी, रंग. टाईल्सना धक्का लागला नाही. पाईप बाथरूमच्या भिंतीत असला तरी त्या भिंतीला दुसरी बाजू असते, एवढी साधी गोष्ट. कपाटाची फळी आम्ही बदलून दिली. साड्यांचं काय करणार.

आता पंप माझ्या स्वतःच्या पिशवीत असतो. सगळ्या तोंडांना प्लग मारायचे, लाईनमधली हवा काढायची, दहा किलोपर्यंत दाब भरायचा आणि तासभर काट्याकडं लक्ष ठेवायचं. काटा हलला तर सांधा शोधायचा. शिवाय सॉल्व्हंट लावून झालं की लगेच पेन्सिलीनं पाईपवरून फिटिंगवर एक आडवी रेघ ओढतो. ज्या सांध्यावर रेघ नाही तो सुका. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, त्या साड्यांनी शिकवली. आणि भिंत बंद करायच्या आधी मोबाईलवर फोटो काढतो, टेप भिंतीला लावून, आकडे दिसतील असे. नंतर कुणीतरी आरसा लावायला ड्रिल घेऊन येतं तेव्हा तो फोटो गिऱ्हाइकाला पाठवता येतो.

डायव्हर्टरचं वेगळं दुखणं असतं. त्याच्यावर प्लास्टिकचं झाकण येतं आणि त्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. तयार टाईल त्या दोन खुणांच्या मध्ये आली पाहिजे. जास्त आत गेला तर वरची प्लेट बसत नाही, जास्त बाहेर आला तर पितळ दिसतं. हे मी चुकलो नाही, कारण कमोडचा धडा ताजा होता. गरम डावीकडं आणि गार उजवीकडं हे मात्र एकदा चुकलो, भिंतीकडं तोंड करायच्या ऐवजी पाठ करून विचार केला म्हणून. बंद करायच्या आधी कळलं. मेस्त्री नुसते हसले.

आता शिवाजी पेठेतलं घर. ते काम आठवलं की अजून अंगावर येतं.

जुनं, दोन चौकांचं, भाऊबंदात वाटण्या झालेलं घर. न्हाणीघर मागच्या बाजूला, कोपऱ्यात अजून तांब्याचा बंब. बंब आता कुणी पेटवत नाही, पण आजींनी तो हलवू दिला नव्हता. सगळं काढून टाईल्स, गीझर, शॉवर करायचं होतं. मी ब्रेकर, म्हणजे फोडायचं विजेचं यंत्र, लावला. नव्या बांधकामात ब्रेकरनं तास-दोन तासांत होणारं काम हातोडा-छिन्नीनं दिवसभर पुरतं, म्हणून मला त्या यंत्राचा भारी नाद लागला होता. वरचा सिमेंटचा गिलावा निघाला आणि आत निघाली पांढऱ्या मातीची भिंत. दगड, माती, मध्येच भाजकी वीट. ब्रेकरच्या हादऱ्यानं एका जागी माती सुटली, ती सुटतच गेली आणि बघता बघता घमेलंभर मातीसकट एक दगड पलीकडं पडला. पलीकडं म्हणजे चुलत भावाच्या स्वयंपाकघरात. भाजी फोडणीला टाकलेली बाई किंचाळत बाहेर आली. कुणाला लागलं नाही, हे नशीब. पण त्या दोन घरांत आधीच बोलणं नव्हतं आणि आता बोलणं सुरू झालं ते आमच्या दगडावरून.

मेस्त्रींनी पहिल्यांदा पलीकडच्या घरात जाऊन हात जोडले, मग मला चौकात उभं करून झाडलं. जुन्या घरात आधी एका कोपऱ्यात छिन्नीनं वीतभर जागा उघडायची आणि भिंत कशाची आहे ते बघायचं. मातीची असेल तर ब्रेकर गाडीतून उतरवायचासुद्धा नाही.

आणि नुसतं फोडायचं नाही हे पुरेसं नसतं. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा माल थापून टाईल्स लावल्या तर त्या धरत नाहीत, आणि पाईप मातीत गाडला तर थोड्या गळतीनंही भिंत आतून भिजत जाते. भिजलेली माती वजन पेलत नाही. म्हणून तिथं जुन्या भिंतीच्या पुढं तळापासून साडेचार इंची विटांची नवी भिंत उभी केली, पाईप तिच्यावर घेतले, वॉटरप्रूफिंग तिला केलं, टाईल्स तिला लावल्या. न्हाणीघर दोन बाजूंनी जवळजवळ अर्धा-अर्धा फूट लहान झालं. घरमालकाला ते पटवायला मेस्त्रींना चहाचे कितीतरी कप रिचवावे लागले. "जागा जातीया" हे एकच वाक्य तो माणूस घोळवत होता. आजी मात्र म्हणाल्या, भिंत ऱ्हाईल तर जागा ऱ्हाईल, आणि विषय संपला. बंब आता त्यांच्या चौकात तुळशीशेजारी ठेवलाय.

पेठेतल्या कामात फोडून निघालेल्या खरमातीचाही हिशेब आधी धरावा लागतो. बोळात टेम्पो शिरत नाही. पोती भरून डोक्यावरून रस्त्यापर्यंत न्यायची. मी पहिल्यांदा स्वतः अंदाजपत्रक दिलं त्यात ही मजुरी धरलीच नव्हती. ते पैसे माझ्या खिशातून गेले.

उताराबद्दल लिहायचं तर मला राग येतो, कारण इथं निम्मी चूक गिऱ्हाइकाची असते आणि शिव्या आपल्याला. हल्ली लोक मोबाईलवर बाथरूमचे फोटो बघून दोन बाय दोन फुटांच्या चकचकीत टाईल्स निवडतात आणि त्याच जमिनीला लावा म्हणतात. बाथरूमच्या जमिनीला पाणी जायच्या जाळीकडं चारी बाजूंनी उतार लागतो. एवढी मोठी टाईल चारी बाजूंना वळत नाही. ती कापावी तरी लागते किंवा सगळी जमीन एकाच दिशेनं उतरवावी लागते. एक बाय एकची खरबरीत टाईल असली की उतारही नीट येतो, सांधे जास्त म्हणून पायही घसरत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या घरात चकचकीत टाईल लावायला मी आता सरळ नाही म्हणतो. दोन कामं त्यापायी गेली, जाऊ देत.

उताराचा साधा हिशेब म्हणजे फुटाला एक सूत. आठ फुटांच्या बाथरूमला इंचभर. फुलेवाडीच्या एका घरात मी तेवढा दिला होता. पाणसळ लावून, दोरी लावून. तरी काम झाल्यावर काकी म्हणाल्या, "पाणी उंबऱ्याकडं पळालंय की रं." उतार बरोबर होता, पण दाराशेजारची एक टाईल लावल्यानंतर मी तिच्यावर गुडघा टेकवून पुढची लावली होती आणि ती एका कोपऱ्यात दोन सूत दबली होती. त्या कोपऱ्यात पाण्याचं एवढंसं थारोळं राहायचं आणि तिथून ओघळ उंबऱ्याच्या ग्रॅनाईटखाली. माल ओला असताना अर्धी बादली पाणी ओतून बघितलं असतं तर थापीच्या दोन ठोक्यांत निभावलं असतं. वाळल्यावर ती एक टाईल काढायला अख्खी सकाळ गेली, शेजारच्या टाईलचा टवका न उडवता काढायची म्हणून. तेव्हापासून फरशी झाली की मी जाळीच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात पाणी ओततो आणि निघून न जाता बघत उभा राहतो. मोठी गंमत असते. पाणी कुठंही जायला तयार असतं.

न्हाणीच्या ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या वळणाच्या पाईपच्या, तोंडात काम चालू असताना गोणपाट कोंबून ठेवावं, हे लिहायची गरज नाही असं वाटेल. पण बाथरूम नवं झाल्यावर महिनाभरात तुंबलेले जे फोन आले, त्यातल्या बहुतेक ठिकाणी ट्रॅपमधून निघालं काय, तर टाईल्सचे तुकडे आणि घट्ट झालेली स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट. बिगारी संध्याकाळी घमेली धुतो आणि पाणी जवळ दिसेल तिथं ओततो. बिगाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला ते तोंड उघडं दिसलं म्हणून त्यानं ओतलं.

कोल्हापूरच्या पावसानं आमच्या धंद्याला एक वेगळंच कोडं घालून ठेवलंय. जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंती ओल्याच असतात. त्या दिवसांत कुणी म्हणालं की बाथरूम गळतंय, तर गळतंय बाथरूम की पाऊस, हे आधी ठरवावं लागतं. ताराबाई पार्कातल्या एका इमारतीत खालच्या फ्लॅटच्या छताला डाग पडले म्हणून वरच्यांनी आम्हाला बोलावलं. मी एक नजर टाकली आणि वॉटरप्रूफिंग गेलंय, सगळं काढून करावं लागेल, असं सांगून मोकळा झालो. आकडासुद्धा सांगितला. मेस्त्री बाजूला उभे होते, काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त घरच्यांना सांगितलं की चार दिवस हे बाथरूम वापरू नका. चार दिवसांत डाग वाढला. मग ट्रॅपला प्लग मारून, कपड्यांची नीळ घातलेलं पाणी बाथरूमभर भरून ठेवलं. खाली निळा थेंब आला नाही. शेवटी बाहेरून शिडी लावून बघितलं तेव्हा भिंतीतून बाहेर येणाऱ्या पाईपभोवतीचं सिमेंट फुटून चांगलं बोट जाईल एवढी फट पडली होती आणि भिंतीवरून उतरणारं पावसाचं पाणी तिथून आत जात होतं. काम एका दुपारचं निघालं. मी सांगितलेला आकडा ऐकून त्या घरातले आजोबा बँकेतली ठेव मोडायच्या तयारीत होते.

परत येताना मेस्त्री गाडीवर एवढंच म्हणाले की फोडायचं कुणाला बी येतंय.

खरंच वॉटरप्रूफिंग गेलेलं असतं तेव्हा ते जातं कोपऱ्यात. जमीन आणि भिंत जिथं मिळतात तिथं काटकोन ठेवला की केमिकलचा थर त्या रेघेवर चिरतो. म्हणून आधी सगळ्या कोपऱ्यांत माल भरून गोलाई द्यायची, मग केमिकलचे दोन हात, पहिला आडवा तर दुसरा उभा. भिंतीवर निदान फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वर. वाळल्यावर ट्रॅप बंद करून चार बोटं पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीनं पातळीची रेघ मारायची आणि दोन दिवस हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाला हे दोन दिवस म्हणजे आम्ही खाडा केला असं वाटतं. मी आता त्यांनाच पेन्सिल देतो. रेघ त्यांनी मारली की दोन दिवस तेच दर तासाला बघून येतात आणि मला फोन करून सांगतात की पाणी आहे तिथंच आहे.

नदीकाठच्या सखल भागात आणखी एक गोष्ट बघावी लागते. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या भागांनी २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेत. तिथले लोक सांगतात की पाणी दारातून यायच्या आधी न्हाणीच्या जाळीतून आणि संडासातून वर येतं, कारण बाहेरचं गटारीचं चेंबर आधी भरतं. म्हणून तिथं बाथरूम करताना आधी चेंबरचं झाकण आणि घरातली जाळी यांच्या उंचीत किती फरक आहे ते लेव्हल पाईपनं काढायचं. जमत असेल तर बाथरूमची जमीन एक पायरी वर घ्यायची. पुराला त्यानं काही फरक पडत नाही, पण नुसत्या मोठ्या पावसात तुंबलेल्या गटारीचं पाणी घरात येत नाही.

ॲसिडचं थोडक्यात. काम संपल्यावर टाईल्सवरचे सिमेंटचे डाग काढायला ॲसिड मारायची वाईट सवय आहे सगळ्यांना. मीही मारलं होतं. डाग गेले, टाईल्सच्या फटींत भरलेलं ग्राउटही पोखरलं गेलं आणि नव्या नळांची चकाकी ॲसिडच्या वाफेनं काळवंडली. नळ घरमालकानं हौसेनं पुण्याहून आणले होते. माल ओला असतानाच फडक्यानं पुसत गेलं की ॲसिडची गरजच पडत नाही.

आता राहिला आमचा जुना वाद. मेस्त्रींचा आयुष्यभराचा हात सिमेंट-स्लरीवर बसलेला. टाईल पाण्यात भिजवायची, मागं स्लरी लावायची, मालावर ठोकून बसवायची. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाईलला ते उत्तम चालतं, कारण ती पाणी पिते आणि स्लरी तिच्यात शिरते. व्हिट्रिफाइड टाईल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याच्याही आत. ती भिजवून उपयोग नाही आणि स्लरी तिला नुसती टेकून राहते. गीझरच्या बाजूच्या भिंतीवर अशा टाईल्स वर्षा-दोन वर्षांत पोकळ वाजायला लागतात. बोटानं टकटक केलं की ढब आवाज येतो. तिथं ॲडेसिव्हच, म्हणजे टाईल चिकटवायचा तयार मसालाच, पाहिजे, आणि तेही दात्यांच्या थापीनं सगळीकडं सारखं ओढून. पाच ठिकाणी पाच गोळे लावून टाईल दाबली की मध्ये पोकळी राहते. मग तिथं कुणी टॉवेलचा दांडा लावायला ड्रिल घातलं की टाईल तडकते.

हे मी मेस्त्रींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तुझ्या जन्माच्या आधी लावलेल्या माझ्या टाईल्स अजून भिंतीवर हायत. खरं आहे, आहेतही. पण त्या सिरॅमिकच्या आहेत. आम्ही दोघं एकदा उद्यमनगरात चहा पिता पिता यावरून इतके भांडलो की टपरीवाल्यानं दोघांना वेगवेगळ्या बाकड्यांवर बसवलं. ॲडेसिव्हचं एक पोतं सिमेंटच्या पोत्याच्या मानानं महाग पडतं आणि अंगावर घेतलेल्या कामात तो फरक आमच्याच नफ्यातून जातो, ही त्यांची खरी अडचण आहे आणि ती खोटी नाही. मी म्हणतो, दर सांगतानाच वेगळी ओळ टाकून सांगा. ते म्हणतात, एक ओळ वाढली की गिऱ्हाईक पुढच्या मेस्त्रीकडं जातं.

सध्या मी काही कामं माझ्या स्वतःच्या नावावर घेतो आणि मोठं काम असलं की मेस्त्रींना बोलावतो. आर. के. नगरच्या चालू कामात दोन बाथरूम आहेत. एकाचा डॅडो ते करतायत, एकाचा मी. ॲडेसिव्हची पोती घरमालकानंच मोजून आणून ठेवलीत. काल संध्याकाळी बघितलं तर मेस्त्रींच्या बाथरूममधलं एक पोतं फोडलेलं होतं. मी काही विचारलं नाही. त्यांनी मात्र जाता जाता विचारलं, "त्ये दात्याची थापी तुझ्याकडं दुसरी हाय का?"